दाराखालून कागद सरकवू नये

मॉरिस लिपनिक आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांचं तोंड फार कमी लोकांना दिसायचं, पण त्यांचा कागद सगळ्यांच्या घरात यायचा. मीटिंगची नोटीस, बॉयलर बंद राहणार असल्याची नोटीस, गच्चीच्या कामाची नोटीस. संध्याकाळी जेवणाच्या आधी दाराबाहेर गुडघे कट् करून वाजायचे, फरशीवरून कागद आत सरकायचा आणि पावलं पुढच्या दाराकडे जायची. माझे यजमान होते तेव्हा म्हणायचे, "लिपनिकचे गुडघे आले बघ."

ब्राँक्समधली ही इमारत शिवणकामगारांच्या युनियननं बांधलेली. आम्ही गयानाहून येऊन इथे घर घेतलं तेव्हा जुन्या ज्यू कामगारांपैकी बरेच जण होते. पुढे कोणी फ्लोरिडाला गेलं, कोणी वर गेलं, आणि त्यांच्या घरांत डोमिनिकन आले, बंगाली आले, अल्बेनियन आले. लिपनिक राहिले. ते कोटांच्या कारखान्यात कटर होते. कापडाचे थरावर थर रचायचे आणि वरून एकदाच यंत्र फिरवायचं. हात बोटभर सरकला तर खालचे सगळे थर वाया. उभी हयात असं काम केल्यावर माणसाला 'साधारण', 'बहुतेक', 'या वेळेपुरतं' असले शब्द सोसत नाहीत.

त्यांची बायको पर्ल अगदी दुसऱ्या टोकाची. लिफ्टमध्ये भेटली की पाचव्या मजल्यापर्यंत मावेल तेवढं बोलायची आणि उरलेलं दार पायानं अडवून पुरं करायची. कोणाची मुलगी नर्स झाली, कोणाचा पाय मोडला, सगळं तिला ठाऊक. लिपनिकना माणसांची जी काही खबर असायची ती पर्लच्या तोंडून. त्यांना एकच मुलगा, जोएल. तो दूर ओरेगॉनला असायचा.

तो नियम आला त्यामागे कारण होतं. एका वर्षी कमिटीच्या निवडणुकीत दोन तट पडले आणि रोज दाराखालून एकमेकांविरुद्धची पत्रकं येऊ लागली. त्यात पिझ्झावाल्यांचे मेनू, चर्चची आमंत्रणं, हरवलेल्या मांजरांचे फोटो. लॉबीच्या भिंतींवर इंचभर जागा उरली नाही. मग सहाव्या मजल्यावर एका म्हाताऱ्याचा पाय गुळगुळीत कागदांच्या ढिगावर पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. लिपनिकनी नियम लिहून आणला. सोसायटीच्या नोटिशीखेरीज कोणाही रहिवाशाने दुसऱ्याच्या दाराखालून कागद सरकवू नये. लॉबीतल्या काचेच्या पेटीत फक्त सोसायटीच्या कामाच्या, सेक्रेटरीच्या सहीच्या नोटिसा लागतील. खाजगी मजकूर तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीतल्या फळ्यावर. मीटिंगमध्ये सगळ्यांनी हात वर केले. पेटीची किल्ली लिपनिककडे राहिली. इमारत खरंच स्वच्छ दिसू लागली.

त्यानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या आल्ताग्रासिया पेराल्ताचा नवरा, राफाएल, वारला. त्यांच्या डोमिनिकन लोकांत नऊ संध्याकाळी घरी जपमाळ होते आणि लोक येऊन बसतात. आल्ताग्रासियानं नवऱ्याचा फोटो एका कागदावर चिकटवला, खाली वेळ लिहिली, वर काळी फीत लावली आणि तो कागद काचेच्या पेटीवर बाहेरून डकवला. दुपारी लिपनिकनी तो काढला आणि तिच्या दारात नेऊन दिला.

"तुमच्या दुःखात मी आहे," ते म्हणाले. "पण हे तिथे लावता येत नाही."

"मग कुठे लावू?"

"खाली फळा आहे."

"माझ्या नवऱ्याला मशीनपाशी लावू? लोकांच्या चड्ड्यांशेजारी?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे," एवढं म्हणून ते जिना चढून गेले.

त्या संध्याकाळी पर्ल मधाचा केक घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली आणि आल्ताग्रासियाजवळ बसली. घरी येऊन तिनं नवऱ्याला काय सुनावलं ते त्यांच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या बाईंनी ऐकलं होतं. "तुझं खरं आहे, मॉरिस. तुझं नेहमीच खरं असतं. आता जेव एकटा." आल्ताग्रासिया मात्र त्यानंतर लिपनिकशी बोलली नाही. लिफ्टमध्ये ते असले की ती जिन्यानं जायची.

पर्ल गेली ती फेब्रुवारीत. रविवारी सकाळी चहा ओतताना बसली ती उठलीच नाही. रुग्णवाहिका आली, पण आमच्या इमारतीत म्हातारी माणसं पुष्कळ, रुग्णवाहिकेकडे आता कोणी मान वळवून बघत नाही. त्यांच्या शेजारचं घर विकायला काढून रिकामं पडलेलं, समोरचे थंडीपुरते फ्लोरिडाला. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या दफनभूमीत तिला पुरलं. जोएल आला, दोन दिवस राहिला आणि कामावर परत गेला. आम्हाला कोणाला काही कळलं नाही.

ज्यूंमध्ये सात दिवस सुतक पाळतात. माणूस घरी ठेंगण्या स्टुलावर बसतो, आरसे झाकतो, दार लोटून ठेवतो, म्हणजे लोकांनी न ठोठावता आत यावं. रोज प्रार्थना होते आणि त्यात गेलेल्या माणसासाठी कदीश म्हणतात. पण त्याला दहा पुरुष हजर लागतात. नऊ असले तरी म्हणता येत नाही. पूर्वी आमच्या इमारतीत दहा म्हणजे काहीच नव्हतं. कोपऱ्यावर ज्यूंचं प्रार्थनामंदिर, सिनेगॉगही होतं. ते विकलं गेलं आणि तिथे आता चर्च भरतं.

इमारतीची देखभाल झेफ करायचा. तो अल्बेनियन, बोलायला रांगडा. अंत्यविधीवाल्यांनी दिलेल्या घडीच्या खुर्च्या त्यानंच वर नेऊन दिल्या होत्या. पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं.

"मिस्टर लिपनिक, चार ओळी लिहून द्या, काचेत लावतो. किल्ली तर तुमच्याच खिशात आहे."

"नाही लावता येत."

"अहो, बायको गेलीय तुमची. कोण काय म्हणणार आहे?"

"पेराल्ताबाई जाता-येता बघतील," लिपनिक म्हणाले. "त्यांना मी काय सांगितलं होतं?"

झेफनं मान हलवली आणि खाली आला. त्याला वाटलं, कोणीतरी सांगेलच लोकांना. मलाही त्याच्या जागी तसंच वाटलं असतं.

मला कळलं ते गुरुवारी, तळघरात. मी चादरींच्या घड्या घालत होते. लिपनिक आत आले. पायांत कापडी सपाता, दाढी वाढलेली, जाकिटाच्या छातीशी सुतकाची फाडलेली काळी फीत. हातात एक पांढरं कार्ड आणि टाचणी. त्यांनी मला पाहिलं नसावं. ते फळ्यासमोर जाऊन उभे राहिले. फळ्यावर जुना सोफा विकायचा होता, कोणी कुत्री फिरवून देत होतं, कोणाचा एक मोजा सापडला होता तो टाचून ठेवला होता. लिपनिकनी कार्ड मोज्याशेजारी धरून बघितलं. मग सोफ्याच्या वर. मशीन गरगरत होती. बराच वेळ तसे उभे राहून त्यांनी कार्ड खिशात घातलं आणि वळले.

"मिसेस बिसून," मला बघून ते म्हणाले.

"काय झालं, मिस्टर लिपनिक?"

"पर्ल गेली. रविवारी."

"आम्हाला कळलंसुद्धा नाही," मी म्हणाले.

"कळणार कसं," ते म्हणाले. "कळवायची सोय नव्हती." आणि सपाता घाशीत लिफ्टकडे गेले.

मी चादरी तशाच टाकल्या आणि तिसऱ्या मजल्यावर गेले. आल्ताग्रासियाकडेच का, असं कोणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. त्या मजल्यावर काहीही झालं की लोक तिच्याकडे जायचे, आणि पर्लवर तिचा जीव होता. ती केळी तळत होती. मी सांगितलं तसा तिनं गॅस बंद केला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

"पर्ल," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात माझ्याकडून सुई-दोरा घेऊन गेली होती." मग विचारलं, "त्याच्याकडे कोण आहे?"

"कोणी नाही."

"मुलगा?"

"परत गेला."

तिनं हात पुसले, टोपलीतली संत्री पिशवीत भरली. त्या घरात बाहेरचं शिजवलेलं चालत नाही हे पर्लमुळे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. "चल," ती म्हणाली. "पण आधी मला त्याच्याशी बोलायचंय. तू मध्ये बोलू नकोस."

दार लोटलेलंच होतं. हॉलमध्ये आरशावर चादर, आणि भिंतीला लागून घडीच्या खुर्च्या ओळीनं उघडून मांडलेल्या. एकाही खुर्चीवर कोणी बसल्याची खूण नव्हती. लिपनिक ठेंगण्या स्टुलावर होते, गुडघे छातीपर्यंत आलेले. आल्ताग्रासियाला बघून ते उठू लागले.

"बसा," ती म्हणाली. "सांत्वनाचं नंतर. आधी माझं एक ऐकायचं. माझ्या राफाएलचा फोटो तुम्ही मला दोन बोटांत धरून आणून दिलात. रद्दी धरतात तसा."

"फाटू नये म्हणून तसा धरला होता," लिपनिक म्हणाले.

"मला कसं कळणार ते?"

"नाही कळणार," ते म्हणाले. "मी तेव्हा तुमच्याकडे बघत नव्हतो. कागदाकडे बघत होतो."

"त्यानं या इमारतीतल्या अर्ध्या लोकांच्या गाड्या बर्फातून ढकलून काढून दिल्या होत्या. नऊ दिवसांत इथले चारच जण आले. बाकीच्यांना नंतर कळलं. मला बाजारात गाठून गाठून सांगायचे, अगं, माहीत असतं तर आलो असतो."

लिपनिकची नजर भिंतीलगतच्या रिकाम्या खुर्च्यांवरून फिरली.

"एवढंच होतं," आल्ताग्रासिया म्हणाली. "आता बसते." आणि ओळीतल्या पहिल्या खुर्चीवर बसली. मी तिच्या शेजारी. मग तिनं एक संत्रं सोललं, त्यातल्या फोडी त्यांच्या हातावर ठेवल्या आणि विचारलं, "तुमच्या प्रार्थनेला किती माणसं लागतात?"

"दहा. पुरुष. ज्यू."

"बायका नाही चालत?"

"पर्लही यावरूनच भांडायची," लिपनिक म्हणाले आणि डोळे पुसले.

आल्ताग्रासिया सहाव्या मजल्यापासून खाली निघाली. प्रत्येक दार ठोठावायचं, कोणी उघडलं की एकच सांगायचं. "पाचव्यावरची पर्ल गेली. सहा वाजता प्रार्थना आहे. शिजवलेलं काही आणू नका." जिन्यात झेफ भेटला.

"दारोदार फिरायचं नाही असा नियम आहे ना?" त्यानं तिला डिवचलं.

"नियमात कागद लिहिलाय. माझ्या हातात कागद दिसतोय तुला?"

"नाही बुवा."

"मग चौथा मजला तू घे. आणि टोपी काढ बोलताना."

संध्याकाळी खुर्च्या पुरल्या नाहीत. बंगाली कुटुंब मुलांना घेऊन आलं. राफाएलचे दोघे भाऊ आले. दुसऱ्या मजल्यावरच्या, मला नावानंही ठाऊक नसलेल्या दोन बहिणी आल्या आणि कोपऱ्यात उभ्या राहिल्या. ज्यू पुरुषांत सगळ्यांत वडील म्हणजे झेल्मन, ते वॉकर टेकत टेकत आले. त्यांनीच डोकी मोजली.

"सात," ते म्हणाले.

कोणीतरी जिन्यात पुन्हा बघून आलं. सातच होते. सगळ्या इमारतीत आता सातच उरले होते.

झेफ लिपनिकच्या कानाशी वाकला. "मी, पेराल्ताचे दोघे भाऊ. टोप्या घालून मागे उभे राहतो. देवाला वरून काय दिसणार आहे?"

"मला दिसेल," लिपनिक म्हणाले. त्यात राग नव्हता. झेफच्या दंडावर त्यांनी हात ठेवला आणि तो लगेच काढला नाही.

"स्तोत्र म्हणता येतं, मॉरिस," झेल्मन म्हणाले. "त्याला माणसं लागत नाहीत."

मग त्यांनी स्तोत्र म्हटलं. लिपनिकचा आवाज मी तोवर मीटिंगमध्येच ऐकला होता, अहवाल वाचतानाचा. तो या वेळी मध्येच बसला आणि झेल्मननी पुढची ओळ उचलली. नंतर लोक पर्लबद्दल बोलले. बंगाली बाईनं सांगितलं, ती नवी असताना पर्लनं तिला बस कुठली घ्यायची ते हाताला धरून दाखवलं होतं. लिपनिक प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून ऐकत होते. यातलं पुष्कळसं त्यांना प्रथमच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोडेच जण आले. त्यानंतर आम्ही दोघी. सुतक फिटलं, झेफनं खुर्च्या खाली नेल्या आणि ते घर बंद झालं.

बायकोसाठी कदीश महिनाभर म्हणतात. लिपनिक रोज पहाटे बस पकडून टेकडीपलीकडच्या सिनेगॉगला जाऊ लागले. तिथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. एकदा लिफ्टमध्ये ते मला म्हणाले, "आज मी आलो तेव्हा ते नऊच होते. मी दहावा. सगळ्यांना बरं वाटलं. मला जागा दिली, पुस्तक दिलं. नाव कोणी विचारलं नाही." लिफ्ट पाचव्यावर आली. ते दारात थोडे रेंगाळले, पर्ल रेंगाळायची तसे, पण त्यांना पुढे बोलायला सुचलं नाही. मग बाहेर पडले.

वसंतात सोसायटीची वार्षिक सभा होती. तिची नोटीस लिपनिकनीच दारोदार सरकवली. त्यात शेवटचा विषय होता नियमातली दुरुस्ती. इमारतीत कोणी गेलं तर त्याचं नाव आणि विधीची वेळ आठवडाभर काचेच्या पेटीत लावता यावी. एवढंच. आम्ही खाली जमलो. कॉफीचं भांडं उकळत होतं. लोक येऊन बसत होते, घड्याळ बघत होते. लिपनिकनी हजेरी मोजली, पुन्हा मोजली.

"कोरम होत नाही," ते म्हणाले.

"अहो, घ्या की मत," आल्ताग्रासिया म्हणाली. "आहोत तेवढ्यांनी हात वर करू. कोण विरोध करणार आहे?"

"कोरमशिवाय घेतलेलं मत टिकत नाही. उद्या कोणी हरकत घेतली तर ज्याचं नाव लागलंय त्याचंच काढावं लागेल." त्यांनी कागद आवरले. "लावून काढणं हे न लावण्याहून वाईट."

पुन्हा सभा बोलावली, तेव्हाही तेच झालं. त्यानंतर लिपनिकनी किल्ली अध्यक्षांच्या हातात दिली आणि राजीनामा दिला. नवा सेक्रेटरी एक तरुण वकील होता, हुशार, घाईत असलेला. त्यानं नियम वाचून पाहिला आणि म्हणाला, फार चांगला लिहिलाय, याला हात लावायची गरज नाही.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी माझं दार वाजलं. बाहेर लिपनिक, कोट-टाय घालून.

"नोटीस आहे का?" मी सवयीनं खाली बघितलं.

"नाही. सांगायला आलोय. दुसऱ्या मजल्यावरचे मिस्टर ऑस्ट्रँडर गेले. झेफला सापडले. उद्या दहाला विधी आहे."

"कोण ऑस्ट्रँडर?"

"मलाही ठाऊक नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं त्यांच्या दाराखालून कागद सरकवला, पण दार उघडलेलं कधी बघितलं नाही. झेफ म्हणतो, उंच होते आणि घरात पुष्कळ घड्याळं होती."

मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर पुढच्या दोन मजल्यांवर फिरले. त्यांना ते काम जमत नव्हतं. दार वाजवून ते एवढे बाजूला सरायचे की आतल्याला दाराच्या भोकातून नुसता कॉरिडॉर दिसायचा. कोणी साखळी न काढताच फटीतून विचारायचं, "काय विकायचंय?" कोणी आतूनच "नको" म्हणायचं. पुष्कळ दारांमागे टीव्हीचा आवाज होता आणि आमच्या टकटकीनंतर तो बारीक व्हायचा. लिपनिक वाट बघायचे. मग बंद दाराला सांगितल्यासारखं हळू म्हणायचे, "उद्या दहाला," आणि पुढे जायचे. दुसऱ्या दिवशी विधीला ते, मी, झेफ आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोघी बहिणी होतो.

त्यानंतर इमारतीत कोणीही गेलं की लिपनिक दारोदार जायचे. आल्ताग्रासिया बरोबर असली की दारं जास्त उघडायची, पण ती दिवसा कामावर असायची. हळूहळू काही जण त्यांना ओळखू लागले. बंगाली मुलं त्यांना बघून आईला हाक मारत, "तो आजोबा आलाय, कोणीतरी मेलंय." याचं त्यांना वाईट वाटत नसे. वाईट वाटे ते वेगळ्याच गोष्टीचं. एकदा माझ्याकडे चहा पिताना म्हणाले, "मी सांगायला गेलो की लोक विचारतात, कोण होता तो? आणि मला सांगता येत नाही. पर्लला आलं असतं."

गुडघे अगदीच गेले तेव्हा जोएल येऊन त्यांना ओरेगॉनला वृद्धाश्रमात घेऊन गेला. निघताना त्यांनी माझा आणि आल्ताग्रासियाचा फोन नंबर कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. रविवारी त्यांचा फोन यायचा. बॉयलर नीट चालतो का, झेल्मन कसे आहेत, असं विचारायचे. "तिथे माणसं कशी आहेत?" मी विचारलं, तर म्हणाले, "चांगली आहेत. सगळ्यांच्या दारावर नावं लावली आहेत." पुढे फोन महिन्यावर गेले. मग थांबले. मी तिकडे दोन-तीनदा फोन फिरवून पाहिला. वाजत राहतो. आल्ताग्रासिया म्हणते, म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही, पुन्हा कर.